ऊन सोसणारी बाग

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी फ्रेम भिंतीवरून उतरवली, तेव्हा जास्वंद निळी पडली होती. लाल गेला होता, पिवळा गेला होता, पानांचा हिरवा विझला होता आणि निळसर पानांवर एक फिकट निळं फूल तेवढं उरलं होतं. फ्रेमच्या कडेखाली अर्धा सेंटिमीटर कागद झाकला गेलेला असतो ना, तिथे मात्र मूळचा लाल तसाच झळझळत होता. ती लाल रेघ बघून जीव हळहळला. पण अशी रेघ काही मला नवी नव्हती. नोकरीत मी ती रोज बघत होते.

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी २७ वर्षं काम केलं. कापडाचा रंग पाण्यात उतरतो का, घामानं जातो का, उन्हात किती टिकतो, हे तपासायचं. उन्हाच्या तपासणीसाठी कापडाची पट्टी पुठ्ठ्यानं अर्धी झाकतात आणि उन्हासारखा उजेड देणाऱ्या झेनॉनच्या दिव्याखाली ठेवतात. शेजारी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात. पहिली लगेच फिकी पडणारी, आठवी सगळ्यांत चिवट, आणि प्रत्येक पुढची पट्टी मागचीपेक्षा साधारण दुप्पट वेळ तग धरणारी. आपलं कापड कितव्या पट्टीच्या जोडीनं फिकं पडलं, तो त्याचा नंबर. पडद्याच्या कापडाला सहाच्या खाली नंबर आला की आमच्या साहेबांचा चेहरा उतरायचा.

तर त्याच परीक्षेत माझी जास्वंद नापास झाली होती. सलूनच्या काचेवर लावलेले हेअरस्टाइलचे फोटो वर्षभरात निळे पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. छपाईत चार शाया असतात, त्यांतली पिवळी आणि किरमिजी उन्हाला आधी बळी पडतात, निळी आणि काळी मागे राहतात. म्हणून उन्हात ठेवलेली प्रत्येक स्वस्त छपाई शेवटी निळीच होते. मी ऑनलाइन मागवलेली चार चित्रं, जास्वंद, केळीचं पान, मॉन्स्टेरा आणि एक पक्षी, सगळी त्याच वाटेनं गेली होती.

आधी खोलीबद्दल सांगते. कोल्हापुरातलं आमचं घर एकमजली, वर गच्ची. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात आम्ही दहा बाय आठची खोली बांधून घेतली. पूर्वेला आणि दक्षिणेला काच, पश्चिमेला आणि उत्तरेला भिंत. कागदावर तिचं नाव सनरूम, पण घरात सगळे तिला उन्हाची खोली म्हणतात. ह्यांचे गुडघे थंडीत आखडतात, म्हणून ती बांधायचं ठरलं, आणि खरं सांगायचं तर मला झाडं ठेवायला जागा हवी होती. पण कुंड्या ठेवून झाल्यावरही त्या दोन पांढऱ्या भिंती फार मोकळ्या दिसत होत्या. तिथे बाग चढवायची, हे मी पहिल्याच दिवशी मनात पक्कं केलं होतं.

निळी जास्वंद उतरवली, त्या दिवशी स्लायडिंगवाला पोरगा काचेचं रबर बदलायला आला होता. तो म्हणाला, "काकू, काचेला फिल्म मारू या की. ऊनच येणार न्हाई." साध्या काचेतून जंबुपार म्हणजे यूव्ही किरणांचा एक भाग अडतो, पण रंगाला मारणारा दुसरा मोठा भाग आत येतोच. फिल्म लावली की तोही बराचसा अडतो. पण रंग नुसत्या जंबुपारानं जात नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही जातो. शिवाय ऊन यावं म्हणून बांधलेल्या खोलीत ऊन कमी करायचं, हे मला पटेना. मी त्याला नको म्हटलं. उन्हाला जागा करून दिलीय, तर भिंतीवर जे येईल ते उन्हाला चालेल असंच असायला हवं. त्या दिवसापासून मी त्या भिंतींकडे उन्हाच्या बाजूनं बघायला लागले.

सगळ्यात आधी पेन्सिल घेतली. दर पंधरा दिवसांनी, सकाळी सात, नऊ, अकरा आणि दुपारी चार वाजता ऊन भिंतीवर कुठपर्यंत आलंय तिथे बारीक खूण करायची आणि तारीख लिहायची. कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९ तारखेपासून आणि जानेवारीच्या ३१ तारखेपासून किरणोत्सव असतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, एका दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि जानेवारीअखेर परत येताना, त्याच कोनातून वर्षात दोनदा. माझ्या सासूबाई त्या दिवसांत संध्याकाळी देवळात जाऊन गर्दीत उभ्या राहायच्या. मी घरातल्या भिंतीवर पेन्सिल घेऊन उभी राहिले, एवढाच फरक.

वर्षभराच्या खुणांनी मला खोली खऱ्या अर्थानं समजली. पश्चिमेची भिंत पूर्वेच्या काचेसमोर येते, त्यामुळे तिच्यावर बारा महिने सकाळचं ऊन पडतं. कधी डावीकडे सरकतं, कधी उजवीकडे, पण चुकत नाही. दक्षिणेच्या काचेचा प्रकार वेगळा. कोल्हापुरात मेच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यानंतर तीनेक महिने दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या काचेतून भर दुपारचं ऊन आत येतच नाही. येतं ते थंडीत. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य जेमतेम पन्नास अंशांवर असतो, आणि सकाळी शेजारच्या घरावरून तो वर आला की तिरकी किरणं पूर्ण खोली ओलांडून उत्तरेच्या भिंतीला टेकतात. तिथेही फक्त खालचा भाग, माझ्या गुडघ्यापर्यंत. त्याच्या वर उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन वर्षभरात एकदाही चढलं नाही.

दोन भिंती, तीन हवामानं. हे कळल्यावर पुढचं सगळं सोपं होत गेलं.

दुसरं काम म्हणजे माझी जुनी परीक्षा. एका पुठ्ठ्यावर मी पट्ट्या चिकटवल्या: घरच्या प्रिंटरची छपाई, डिजिटल छपाईवाल्याकडची साधी छपाई, त्याच्याकडचीच पिगमेंट शाईची, नातवाचे पोस्टर कलर, स्केचपेन, ॲक्रिलिक, हळद, गेरू, काजळ. सगळ्यांचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलनं झाकला आणि पुठ्ठा पश्चिमेच्या भिंतीवर ठोकला. मार्चअखेर ते जूनचा पहिला पाऊस. हळद पहिल्याच दिवशी गेली, ते अपेक्षित होतं. कपड्यावर आमटीचा डाग पडला तर आपण साबण लावून उन्हातच टाकतो ना. स्केचपेन आठ दिवसांत संपलं. घरच्या प्रिंटरचा किरमिजी तीन आठवड्यांत ओळखू येईना. साधी छपाई दोन महिन्यांत निळसर झाली. पिगमेंट शाईच्या पट्टीवरची फॉइल काढली तर झाकलेलं आणि उघडं यात मला फरक दिसला नाही, आणि माझा डोळा या कामात तयार आहे. ॲक्रिलिकचा एक गुलाबी सोडला तर बाकीचे टिकले. गेरू आणि काजळ जसेच्या तसे.

यामागचं कारण साधं आहे. साध्या शाईत असतो तो डाय, म्हणजे विरघळलेला रंग, एकेक सुटा रेणू उजेडाच्या तोंडी दिलेला. पिगमेंट म्हणजे रंगाचा कण. कणाचा वरचा थर मेला तरी खालचा शाबूत असतो. आणि गेरू म्हणजे तर लोखंडाचा गंजच, लाखो वर्षं उन्हातच पडून होता, त्याचं आता आणखी काय व्हायचं. काजळ म्हणजे नुसता कार्बन. आजीच्या देवघरातल्या भिंतीवरचा धूर कधी फिका पडलेला बघितलाय का कोणी?

आजीवरून टाइल्सकडे येते, कारण या खोलीत जीव आला तो त्यांच्यामुळे.

माझं आजोळ देवगडजवळ. गेल्या वर्षी मे महिन्यात मामीचा फोन आला. घर नव्यानं बांधायला काढलंय, अंगणातलं वृंदावन हलवावं लागणार, गवंडी उद्यापासून मोडायला लागतील. "तुका होये तर घेवन जा," एवढंच ती म्हणाली. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली आणि गगनबावड्याच्या घाटानं उतरलो.

ते वृंदावन आजीच्या लग्नानंतर बांधलेलं. चौथऱ्यावर शके १८५६ कोरलंय, म्हणजे १९३४. त्याच्या चारही बाजूंना सहा इंची टाइल्स लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर उठावाचा गुलाब, भोवती हिरवी पानं, कोपऱ्यांत निळ्या पाकळ्या. लहानपणी दुपारी सगळे झोपले की मी त्या गुलाबांवरून बोट फिरवत बसायची. टाइल तापलेली असायची तरी बोट उचलवत नसे. त्या टाइल्स जपानी आहेत हे मला साठाव्या वर्षी कळलं, पहिली टाइल निघाली आणि पाठीवर उठावाची 'मेड इन जपान' अक्षरं दिसली तेव्हा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जपाननं इंग्रजी मेजॉलिका, म्हणजे उठावाच्या रंगीत झिलईच्या टाइल्सच्या धर्तीवर अशा टाइल्स घडवल्या आणि बोटींनी हिंदुस्थानात, सिंगापूरकडे, तैवानात पाठवल्या. त्यातल्या काही कोकणातल्या एका अंगणात आल्या आणि तुळशीभोवती बसल्या.

नव्वद वर्षं! कोकणातलं ऊन, कोकणातला पाऊस, रोज सकाळी तांब्यानं घातलेलं पाणी, कार्तिकात पणत्यांची धग. आणि त्यांचा गुलाबी रंग माझ्या जास्वंदीच्या लाल रेघेइतका ताजा. मी त्या अंगणात उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत होते. झिलईतला रंग हा रंग म्हणून वरून लावलेला नसतोच. तो काचेत वितळलेला धातू असतो. हिरव्याला तांबं, निळ्याला कोबाल्ट, पिवळसर तपकिरीला लोखंड, गुलाबीला क्रोमियम आणि कथील. भट्टीनं एकदा पक्का केला की उन्हाला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. उठावाच्या खोबणीत झिलई साचून गडद होते, उंच कडांवर पातळ पसरून फिकी होते, त्यामुळे एकाच पाकळीत चार छटा दिसतात. तिरकं ऊन पडलं की तर त्या पाकळ्या हलल्यासारख्या वाटतात.

काढायची पद्धत सांगते, कारण अशी वृंदावनं आता खूप ठिकाणी मोडली जातायत. जुना जोड चुन्याचा असतो, सिमेंटचा नाही, म्हणून टाइल्स निघतात. आम्ही आदल्या रात्री वृंदावनाला ओली गोणपाटं गुंडाळून ठेवली. सकाळी गवंड्यानं पातळ छिन्नी टाइलखाली नाही, तर आतल्या चिऱ्याच्या बाजूनं घातली आणि चुन्यासकट टाइल सोडवली. सोळातल्या अकरा निघाल्या, पाच फुटल्या. अकरांपैकी सात पूर्ण, चार कोपरे उडालेल्या. घरी आणून बादलीत आठवडाभर भिजवल्या. पाठीवरचा चुना व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्यानं मऊ करून खरवडला. व्हिनेगर फक्त पाठीला. पुढच्या बाजूला आम्ल लागू द्यायचं नाही, जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्लानं ती मंद पडते.

पश्चिमेच्या भिंतीवर आता त्या अकराच्या अकरा आहेत. सिमेंट बोर्डावर टाइल ॲडहेसिव्हनं बसवल्या आणि बोर्ड स्क्रूनं भिंतीला लावला. थेट भिंतीवर चिकटवल्या असत्या तर पुढे कोणाला काढताना फोडाव्या लागल्या असत्या. आम्ही त्यांना एकदा हलवलंय, आणखी कोणीतरी कधीतरी हलवेल. फुटक्या कोपऱ्यांच्या जागी मी दुसरी टाइल कापून घातली नाही. तिथे नुसता पांढरा चुना भरला. जयपूरच्या निळ्या टाइल्स बघितल्या होत्या, ब्लू पॉटरीच्या. त्या मातीच्या नसतातच, गारगोटीची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती यांच्या असतात, आणि त्यांचा निळाही कोबाल्टचा, उन्हाला पक्का. फार देखण्या. पण आजीच्या गुलाबांशेजारी त्या पाहुण्यासारख्या वाटत होत्या, म्हणून दोन घेतल्या आणि जिन्यात लावल्या.

टाइल्सच्या बाजूला पानं आहेत. मातीची.

आमच्या ओळखीच्या एका कुंभारमामांकडे दर वर्षी आमची गणपतीची मूर्ती ठरलेली. गणपती झाले की त्यांना थोडी उसंत असते. मी त्यांच्याकडे कल्पना घेऊन गेले: मातीची पोळी लाटायची, तिच्यावर खरं पान पालथं ठेवून दाबायचं, शिरा उमटू द्यायच्या, वाळवून भाजायची. मामांनी माझ्या पिशवीतली पानं बघितली आणि अर्धी बाजूला केली. "वैनी, वाळली पानं नगं. वली पायजेत, आन् शिरा मागनं वर आलेली." पिंपळाचं पान त्यांनी लगेच उचललं. बदामाचं चांगलं म्हणाले. पारिजातकाचं पान खरखरीत असतं, त्याची खर मातीत इतकी सुरेख उमटते की बोटाला जाणवते. जास्वंदीचं पान मात्र गुळगुळीत, त्यातून काही हाती लागलं नाही.

पहिल्या सहा पोळ्या मी घाईनं उन्हात वाळवल्या आणि सगळ्यांच्या कडा वर उचलल्या. मामा म्हणाले, "सावलीतच वाळवाय पायजे. वरनं फळी ठेवायची. घाई केलासा तर तडकत्यात." मग पोळी जाड केली, करंगळीएवढी, खाली वर्तमानपत्र, वर फळी, आणि आठ दिवस हात लावला नाही. वाळताना आणि भाजताना मिळून माती सुमारे एक दशांश आकसते, त्यामुळे पान आपल्या आठवणीपेक्षा जरा लहान होऊन भट्टीतून परत येतं. बारा पोळ्यांतल्या नऊ साबूत निघाल्या. झिलई नाही, रंग नाही, नुसता भाजलेल्या मातीचा तांबूसपणा. ऊन तिरकं पडलं की शिरांमध्ये सावली भरते आणि पान दिसतं. समोरून पडलं की पान जवळजवळ पुसलं जातं. त्यांची वेळ तिरक्या उन्हाची आहे. मी चहा घेऊन त्या वेळेलाच तिथे बसते.

उत्तरेच्या भिंतीचा खालचा गुडघाभर पट्टा, जिथे थंडीतलं ऊन टेकतं, तो मी कावीला दिला. सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी आणि पांढरी नक्षी असते, तीच कावी. भिंतीला चुन्याचा पांढरा गिलावा करायचा, वर काव म्हणजे तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि ओलं असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, फुलदाण्या, मोर, तुळस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगड होत जातो आणि रंगाला आपल्यात धरून ठेवतो. सगळे रंग चुन्याशी जमवून घेत नाहीत. प्रशियन निळा त्यात तपकिरी पडतो. काव मात्र चुन्यालाही चालते आणि उन्हालाही.

गवंड्याकडून मुरवलेला चुना आणला. एका दिवसात जेवढं खरवडून होईल तेवढाच भाग लिंपायचा, म्हणजे दोन फूट. हत्यार म्हणून मी स्वेटरची जुनी सुई वापरली. पहिल्या दिवशी चुना फार ओला होता, रेघ भरून येत होती. दुसऱ्या दिवशी फार वाळला, पापुद्रे सुटले. अंगठा टेकवला तर ठसा उमटतो पण चुना अंगठ्याला लागत नाही, ती वेळ बरोबर. तेवढं जमलं की रेघ लोण्यातून काढल्यासारखी निघते. पाच दिवसांत दहा फूट वेल झाली. सारखी नाही आली. डावीकडची पानं भाकरीएवढी आहेत आणि उजवीकडे पोचेपर्यंत हात सैलावला, तिथली नाजूक आहेत. उजवीकडच्या टोकाला एक तुळस आहे. आजीच्या वृंदावनात होती तशी, मंजिऱ्या एका बाजूला कललेली.

त्या पट्ट्याच्या वर, जिथे थेट ऊन कधीच येत नाही, तिथे मी कागदाला परत जागा दिली. पण रंगीत कागदाला नाही.

सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारातल्या वनस्पतींचा 'हॉर्तुस मलाबारिकुस' नावाचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले, सातशेहून अधिक वनस्पती, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली मोठाली चित्रं. झाडांचं ज्ञान इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचं, आणि त्याच्या जोडीनं तीन कोंकणी वैद्यांचं: रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट. या तिघांनी कोंकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलाय. चित्रांवरही लॅटिन, मलयाळी आणि अरबी नावांच्या जोडीला नागरी अक्षरं आहेत. शिवाजी महाराजांच्या हयातीत हॉलंडमध्ये कोणीतरी कारागीर नागरी अक्षरं तांब्यावर कोरत होता! ते पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे सगळे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात आणि चित्रं उतरवूनही घेता येतात. पहिल्याच खंडात सोनचाफा, बकुळ आणि पारिजातक आहेत. बकुळीला त्यात 'एलेंगी' म्हटलंय, मल्याळीतल्या इलञ्ञीवरून, आणि तेच नाव पुढे तिच्या शास्त्रीय नावात कायमचं बसलं. आजी तिच्या फुलांना ओवळां म्हणायची आणि सुकलेला गजरा कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. मी हीच तीन चित्रं छापून घेतली, पिगमेंट शाईत, सुती कागदावर, फक्त काळी. ऱ्हेडेच्या चित्रांना मुळात रंग नाहीतच, नुसत्या रेघा. काळ्या पिगमेंटमध्ये कार्बन असतो, आजीच्या देवघरातल्या धुराचाच भाऊबंद, त्यामुळे त्याच्याविषयी मला घोर नाही. फ्रेमला काचेऐवजी जंबुपार अडवणारं ॲक्रिलिक घातलं. ते महाग पडतं, पण या खोलीत कागद लावायचा तर तिथे काटकसर करू नये.

तरीही एक गोष्ट सांगून ठेवते. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना ५० लक्सच्या आसपासच उजेड देतात. भर उन्हात एक लाख लक्स असतो, आणि माझ्या उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन नसलं तरी उजेड हजारांत आहे. म्हणून तिथे फक्त परत छापता येईल असंच लावलंय. माझ्या बहिणीनं जलरंगात केलेलं मोगऱ्याचं चित्र मी कितीही मोह झाला तरी वर नेलं नाही. ते खालच्या मधल्या खोलीत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथेच आहे आणि तिथेच राहील.

चौथी फ्रेम अजून रिकामी आहे. पुण्याजवळ दापोडीला, आज जिथे एसटीची कार्यशाळा आहे त्या गावात, एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथल्या अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून दीडशेहून जास्त झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं नाही. तीन वर्षं तो माणूस मुळा-पवनेच्या काठी बसून पानापानाला रंग देत होता, आणि त्याची सही कुठेच नाही. ती फ्रेम मला त्याच्यासाठी ठेवायचीय. चित्र मिळेपर्यंत तिथे नुसता पांढरा कागद आहे.

पावसाळ्यानं एक धडा दिला. जुलैत बकुळीच्या चित्राच्या माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, करडे ठिपके दिसले. फ्रेम भिंतीला घट्ट टेकलेली होती आणि मागे ओल साचली होती. बाकी दोन्हींना सुतारानं मागून बुचाचे तुकडे लावले होते, त्या कोरड्या राहिल्या. एका फ्रेमला ते लावायचे राहून गेले होते, तेवढीच बिघडली. आता सगळ्यांना चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे आहेत, भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागे कोरडं फडकं फिरवते आणि कसर लागली नाही ना बघते.

पश्चिमेच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग मी मोकळा सोडलाय. मुलीनं विचारलं, "आई, तिथे काय लावणार?" तिथे लावायचं काहीच नाही. पूर्वेच्या काचेला बाहेरून गोकर्णीचा वेल चढवलाय, आणि सकाळी त्याची सावली त्या मोकळ्या चुन्यावर पडते. ऑगस्टात ती दाट असते, मार्चमध्ये विरळ. वारा असला की हलते. आमचे हे पेपर वाचता वाचता मान वर करून तिकडेच बघत बसतात, मी पाहिलंय.

परवा मामांचा निरोप आला, गणपतीचं आवरलं, माती मळून ठेवलीय. या खेपेला ताम्हणाची पानं न्यायचीत. महाराष्ट्राचं राज्यफूल, पण माझ्या भिंतीवर अजून नाही. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक झाड आहे, थंडी सरता सरता त्याची पानं तांबडी होऊन गळायला लागतात, म्हणून आत्ताच तोडायला हवीत. शिरा मागून चांगल्या वर आलेल्या आहेत, मी बोट फिरवून बघितल्या. उद्या सकाळी दव असताना तोडीन आणि ओल्या फडक्यात गुंडाळून नेईन.